साहेबांची अब्रू

लातूर नवा जिल्हा झाला, आमचे नळ मात्र कोरडेच राहिले. ऐन दुष्काळात ‘धमाका’ साप्ताहिकानं छापलं: ‘गावचा टँकर आमदारसाहेबांच्या उसात!’ साहेबांनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. ‘धमाका’ आधीपासूनच लई खोटारडा, म्हणून आम्हीही दगड घेऊन छापखान्यावर चालून गेलो. “ह्या बारीला खरं हाय रे!” संपादक गुरुपादप्पा रक्तबंबाळ तोंडानं ओरडला. आम्ही हसलो. साहेबांच्या खास माणसानं, वीरभद्रानं, कागदांवर रॉकेल ओतून काडी ओढली. वारा फिरला, शेजारचं त्याचंच कापडदुकान पेटलं. “पाणी!” म्हणत त्यानं नळावरच्या उमाबाईचा हंडा हिसकावला. रिकामा निघाला. तसा तो गर्दीतल्या टँकरच्या ड्रायव्हरवर खेकसला, “बघत काय राहिलास? साहेबांच्या उसातला टँकर आण, पळ!” आमच्या माना गुरुपादप्पाकडे वळल्या. उमाबाईनं हंडा परत घेतला आणि दोन्ही हातांनी वीरभद्राच्या डोक्यात घातला. दगड अजून आमच्या हातात होतेच.