झाडलेलं अंगण

पिंजऱ्यातली मादी फांदीखाली पडलेली होती, पाय आखडून. पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या मामांनी हातातला झाडू जाळीला टेकवला आणि तिला उचललं. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. अंड्यातून बाहेर आल्यापासून बारा वर्षं त्यांनीच तिला वाढवलं होतं. पहिला महिनाभर तर चिमट्यानं अळ्या भरवल्या होत्या. पक्षिगृहातले सगळे तिला मामांची लेक म्हणायचे.

पक्षिगृहाच्या डॉक्टरबाई आल्या. पिसं सारून त्यांनी तपासलं. "वय झालं होतं, मामा. तिचा हा शेवटचाच हंगाम होता."

"म्हणजे पिल्लं..."

"आता नाहीत. दुसरी मादी कुठून आणायची? यांचं जंगलच उरलं नाही."

वरच्या डहाळीवर नर बसला होता. लाल पाठ, मानेवर पिवळी झूल, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा. छातीवरची हिरवी पिसं फुलवली की बघणारा जागीच खिळायचा. मादी साधी तपकिरी, सुकल्या पानासारखी. असल्या देखण्या नवऱ्याला तीन हंगाम हिनं जराही दाद दिली नाही, याचं मामांना मनापासून वाईट वाटायचं. "जावईबापू, आमची पोरगी थोडी नखरेल आहे, सांभाळून घ्या," अशी ते रोज त्याची समजूत काढत.

डॉक्टरबाईंनी मादीला फडक्यात गुंडाळलं. मग जरा थांबून मोबाइल काढला. "पंधरा दिवसांपूर्वी इथं कॅमेरा लावला होता. काल संध्याकाळी बघितलं. आज तुम्हाला सांगणारच होते."

पडद्यावर पहाट होती. मामा पिंजऱ्यात शिरतात, वाकून नराच्या नाचाच्या जागेवरची पानं वेचतात, झाडू फिरवून अंगण लख्ख करतात. नर वरून बघतो. मादीही बघते. मग नर खाली येतो, छाती फुलवतो, आणि मादी मान फिरवून उडून जाते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

"ही पानं त्यानं उचलायची असतात, मामा. मादी बसून तेच बघत असते. नाच त्याच्यानंतर."

मामांनी वर नराकडे पाहिलं. "नवा आला होता तेव्हा स्वतःएवढं पान ओढत होता बिचारा. मी म्हटलं, जावयाला काय झाडलोट करायला लावायची?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आम्हीच तुम्हाला सांगायला हवं होतं," एवढं बोलून त्या पुडकं घेऊन गेल्या.

मामा जाळीला टेकून खाली बसले. तीन वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता. अंगात ताप असतानासुद्धा ते पहाटे हजर झाले होते, आणि याचा त्यांना केवढा अभिमान होता. आता स्वतःच्या हातांकडे बघवेना.

आज झाडायचं राहूनच गेलं होतं. नाचाच्या जागेवर रात्रीची पाच-सहा पानं पडली होती. मामांचा हात सवयीनं झाडूकडे गेला. त्यांनी तो मागं घेतला.

नर खाली आला. पानांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. बराच वेळ वाट पाहिली. मग एका पानाचं देठ चोचीत धरलं, ओढत कडेला नेलं आणि टाकून दिलं. परत आला. दुसरं नेलं. शेवटी एक काडी उरली होती, तीही उचलली.

मग मधल्या रोपाच्या खोडाला पकडून त्यानं छाती फुलवली आणि रिकाम्या फांदीकडे तोंड करून तो नाचू लागला. मामांनीही मान वर करून फांदीकडे पाहिलं.