तिसरा दिवा

पेटीवरचे दोन दिवे हिरवे होते. तिसऱ्यावर यंत्रांच्या आयुधपूजेचा चंदनटिळा वाळला होता. कोइमतूरच्या त्या पंपकारखान्यातले सगळे फोन या पेटीतून जात. ते क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर नेले, तर लाइन बिघडताच कॉल आपोआप मोबाइलवर येतील, हे पोन्नी सासऱ्यांना तीन वर्षं सांगत होती. "जे यंत्र दिसतच नाही, त्याची पूजा कशी करायची?" ते विचारत. "देव तरी कुठे दिसतो, मामा?" ती म्हणे. आज मदुराईचं गिऱ्हाईक दारातूनच कडाडलं, "आठवडाभर फोन लावतोय! कारखाना विकलात काय?" "पेटी ठणठणीत आहे," सासरे म्हणाले. पोन्नीने पदराचं टोक ओलं करून टिळा पुसला. खाली तिसरा दिवा लालभडक जळत होता. सासरे चष्मा लावून बघत राहिले. मग पेटीला हात जोडून सुनेकडे वळले. "पोन्नीअम्मा, हिला आता निरोप दे. फोन क्लाउडवर ने."