आत्याची चकमक

नणंदेने भाचीला रानातल्या मुक्कामाची पिशवी आणून दिली: दोरी, शिट्टी, चकमक. तेव्हापासून लेकीच्या तोंडी उठता-बसता आत्याच. आईच्या पोटात दुखू लागलं. पोर शाळेत गेली की ती गच्चीवर चकमक घासत बसायची. बोटांना फोड आले, पण आठवड्याभरात जमलं.

रविवारी नदीकाठी लेक अर्धा तास वाळक्या गवतावर ठिणग्या पाडत होती. आत्या शेजारी हाताची घडी घालून गप्प बसलेली. आईला राहवेना. तिने चकमक ओढून घेतली आणि दोन फटक्यांत गवताने पेट घेतला.

“बघ, तुझ्या आईलाही येतं म्हटलं!” आई लेकीला म्हणाली.



लेकीने जाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. “म्हणूनच तर मला आत्या आवडते, आई. ती नुसती बघत बसते.”