एकाच बाहीचा कपडा

"बायकांचा," भीमराज साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

चाकणजवळच्या त्या कस्टम्सच्या गोदामात साहेबांनी टोपण लावलं की विषय संपायचा. नवनाथचा मात्र संपत नव्हता. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात तो कामाला होता आणि आज पहिल्यांदाच मालकाने त्याला एकट्याला पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत माल गेटबाहेर पडला नाही, तर उद्यापासून पुन्हा टेबलं पुसायची, असं मालकाने अगदी प्रेमाने सांगितलं होतं.

टेबलावर त्या मालातला एक कपडा पसरला होता. राखाडी, मऊ, विणलेला. बाही एकच, पण माणसाच्या उंचीची. गळा एवढा मोठा की त्यातून घागर जावी. पाठवणाऱ्याने कागदावर 'विणलेला कपडा, एक बाही' एवढंच लिहिलं होतं. मागवणारी कंपनी गाड्यांचे सांगाडे जोडणारी. तिथे सगळे गडीच असणार, म्हणून नवनाथने कस्टम्सच्या फॉर्मवर 'पुरुषांचे कपडे' असं ठोकून दिलं होतं. कंपनीला एक फोन करून विचारावं, तर तेही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

साहेबांचा नियम कस्टम्सच्या पुस्तकातला होता. पुढून डावी बाजू उजवीवर आली तर कपडा पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा, आणि ओळखच पटली नाही तर बाईचाच. हा नियम कुणी केला ते साहेबांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचा त्याच्यावर फार जीव होता.

शेवटी नवनाथने तो कपडा स्वतः घालून दाखवला. बाही जमिनीवर लोळायला लागली, गळा घसरून कमरेशी थांबला. हमाल पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. बायकांचा म्हणून दुरुस्तीवर सही कर आणि माल घेऊन जा, असं त्यांनी सुनावलं. पण दुरुस्ती म्हणजे चूक कबूल, आणि तीही पहिल्याच खेपेला. नवनाथ अडून बसला. उन्हं कलली.

तेवढ्यात कंपनीच्या इंजिनिअर श्रद्धा मॅडम हेल्मेटसकट आत शिरल्या. माल का अडला ते बघायला त्या स्वतःच स्कूटरवर आल्या होत्या. नवनाथच्या अंगातला कपडा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. तो माणसाचा नव्हताच. वेल्डिंग करणाऱ्या रोबोटच्या हातावर चढवायची ती खोळ होती. जुनी खोळ ठिणग्यांनी जळाली होती आणि तिच्यावाचून लाइन बंद पडली होती.

साहेबांचा चेहरा उतरला. रोबोट म्हणजे पुस्तकातलं भलतंच पान. मग नमुना लॅबला जाणार, मग महिनाभर वाट बघायची. वर साहेबांचा आजवर न फिरलेला शब्द फिरणार. नवनाथच्या डोळ्यांपुढे टेबल पुसायचं फडकं नाचायला लागलं. तो रडायचाच तेवढा बाकी होता.

"सर, काहीतरी करा ना," श्रद्धा मॅडम काकुळतीने म्हणाल्या. "करिष्मा सकाळपासून तशीच उघडी उभी आहे."

"कोण करिष्मा?"

मॅडम जरा ओशाळल्या. करिष्मा म्हणजे तो रोबोटच, लाइनवरच्या पोरांनी ठेवलेलं नाव. दसऱ्याला पोरं तिला हळदीकुंकू लावून साडी नेसवायची. ओव्हरटाइम लांबला की बाई दमली म्हणायची. शेजारच्या मशीनवरचे किसनभाऊ तर तिच्यासमोर शर्टसुद्धा बदलत नसत.

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दुरुस्तीचा कागद पुढे सरकवला. नवनाथने त्या लांबलचक बाहीतून कसाबसा हात बाहेर काढला आणि सही केली.

"मग मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?" साहेब म्हणाले.