एक्केचाळीस पास

"जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरलीय, आणि ती लंबूची," निवड समितीच्या बाई म्हणाल्या. "पन्नास बास्केट केल्यात पोरीनं! अख्ख्या स्पर्धेत कुणाच्या नाहीत."

"जागा बुटकीला द्या," काका म्हणाले आणि त्यांनी निळी वही टेबलावर सरकवली.

मुलींच्या प्रत्येक सामन्याला काका पहिल्या बाकावर हजर असायचे, मोबाईलवर चित्रीकरण करत. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही. आज मात्र हटूनच बसले होते.

"बुटकीच्या बास्केट किती? अकरा!" बाई परगावच्या, पण काकांची मुलगी इथे खेळते एवढं ऐकून आल्या होत्या. "काका, तुमची मुलगी या पोरींच्यातच आहे ना?"

"आहे."

"तरीच! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

काकांचे कान लाल झाले. "आधी वही बघा. मग काय ते बोला."

वहीत टपोऱ्या अक्षरात सगळं होतं. बॉल कुणी टाकला, त्याआधीचा पास कुणाचा, बास्केट झाली की हुकली. बुटकीच्या पासवर लंबूनं त्रेसष्ट वेळा बॉल टाकला, एक्केचाळीस बास्केट झाल्या. दुसऱ्या कुणाच्या पासवर किंवा एकटीच्या जोरावर चाळीस वेळा टाकला, झाल्या नऊ. बुटकी तापानं झोपली होती त्या दोन सामन्यांत तर पंधरातल्या दोनच.

"बुटकी पास देते तेव्हा समोरची मोकळी असते," काका म्हणाले. "बाकीच्या तिघींचंही तेच आहे. हे बघा, इथे... थांबा हं, कुठल्या पानावर आहे ते..."

पान काही सापडेना. शेवटी बाईंनीच शोधलं.

बाई पक्क्या होत्या. मोबाईलवरचे तीन सामने लावून त्यांनी वही ताडून पाहिली. लंबूचे हुकलेले बॉल त्या एकेक करून मोठ्यानं मोजत होत्या, तेव्हा काका खिडकीबाहेर बघत राहिले.

एकही आकडा इकडचा तिकडे निघाला नाही. बाईंनी यादीत बुटकीचं नाव लिहिलं.

"दुधाचं दूध, पाण्याचं पाणी झालं," त्या म्हणाल्या. "मघाशी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पोरीनं नाव काढलं तुमचं."

"काढलं खरं!" काका म्हणाले. आवाजातला अभिमान लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

बाहेर पायरीवर दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. बातमी ऐकताच बुटकी किंचाळली, लंबूच्या गळ्यात पडली आणि फोन कानाला लावून मैदानभर धावत सुटली.

लंबूनं बाहीला डोळे पुसले. मग काकांच्या हातातली निळी वही घेऊन तिनं आपल्या पिशवीत ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "मी लिहिलेलं सगळं बरोबर निघालं ना?"