हिरवा दिवा

"आधी गुरगुरला होता का?" बिस्किटच्या पायाची जखम धुता धुता डॉ. बेहेरेंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो मॅडम! तीन वर्षांत कधीच गुरगुरलेला नाही," निमकर म्हणाले. "बागेत शेजारच्यांचा कुत्रा आला, दोघांनी एकमेकांना हुंगलं आणि यानं एकदम त्याचा कानच फाडला. मग तोही याच्या पायाला चावला."

"शेपटी ताठ झाली होती? नजर रोखली होती?"

"ते कुठे बघणार? मी कॉलरचा दिवा बघत होतो. हिरवाच होता, म्हणजे कुत्रा शांत."

"असणारच!" बेहेरे कडाडल्या. "गुरगुरला की ती कॉलर झटका देते. मग कशाला गुरगुरेल तो? अहो, गुरगुरणं म्हणजे 'लांब हो' असं सांगणं. ते तुम्ही बंद पाडलंत. मग दातच उरले ना! काढा आधी ती कॉलर."

"पण सोसायटीचा नियम आहे, कुत्र्याला ही कॉलर हवीच..."

"काढा म्हणते ना!"

निमकरांनी कॉलर काढली. बेहेरेंनी भुलीचं इंजेक्शन उचललं. बिस्किटचं अंग ताठरलं, ओठ थरथरला आणि घशातून बारीकशी गुरगुर बाहेर पडली.

"बिस्किट, नो!" निमकर ओरडले.

"तुम्ही गप्प बसा." डॉक्टरांनी हात मागे घेतला. "शाब्बास, बाळा. ही बघ, थांबले मी."