राडारोड्यातले वास्तुपुरुष

"आजी, इथं रोज ट्रक भरभरून घरं येतात. त्यातलं तुमचं कुठलं, कसं सांगू?" कौसाबाईनं हसून विचारलं. पाडलेल्या घरांच्या राडारोड्यापासून पेव्हर ब्लॉक बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती सरकत्या पट्ट्यावरचं लाकूड-लोखंड वेगळं काढायची.

आमचं घर पाडलं तेव्हा मी दवाखान्यात होते. वास्तुशांतीला ह्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुरलेला तांब्याचा वास्तुपुरुष काढून घ्यायला मुलं विसरली. हे गेल्यावर नव्या घरात न्यायला त्यांच्या हातचं तेवढंच होतं.

कौसाबाईनं मला खिडकीपाशी नेलं. फळीवर बोटाएवढे कितीतरी वास्तुपुरुष ओळीनं ठेवलेले, प्रत्येकापुढं तगरीचं ताजं फूल. "पट्ट्यावर सापडतात. देवाला दगडाबरोबर कसं भरडायचं?"

पुरताना त्यांना पालथं घालतात. इथं सगळे उन्हात उताणे पहुडले होते. मी एकेक हातात घेऊन पाहिला, पण आमचा कुठला ते ओळखू येईना. शेवटचाही मी परत फळीवर ठेवला.

"मग सगळ्यांनाच नमस्कार करा," ती म्हणाली. "त्यात तुमचा आलाच की."

मी हात जोडले. त्यात तिलाही धरलं.